वाग्नरची वकिली न करता

(एका संगीतप्रेमी मंडळाच्या सभेत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मित्रहो, आजच्या विषयावर, म्हणजे दोषी माणसाच्या थोर कलेचं काय करायचं यावर, बोलणारे बहुतेक जण माणसाच्या दोषांपासून सुरुवात करतात. मी संगीतापासून करणार आहे. ज्याचे विचार ऐकून संताप यावा अशा माणसाचं संगीत सुमार असतं, तर प्रश्नच उरला नसता. त्याला बाजूला ठेवून आपण पुढे गेलो असतो. जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नरच्या बाबतीत ती सोय नाही, म्हणून मी उदाहरण म्हणून त्यालाच घेतलं आहे.

'ऱ्हाइनगोल्ड' या त्याच्या संगीतनाट्याची सुरुवात कशी होते बघा. नाट्यगृहात अंधार. जर्मनीतल्या बायरॉइट गावी त्यानं स्वतः बांधून घेतलेल्या, १८७६ साली उघडलेल्या नाट्यगृहात वाद्यवृंद रंगमंचाखालच्या खड्ड्यात बसतो आणि त्यावर झाकण असतं, त्यामुळे वादक दिसतच नाहीत. अंधारातून डबल बासचा खोल स्वर येतो. थोड्या वेळानं बसून नावाची लाकडी सुषिर वाद्यं त्यावर पंचम धरतात. म्हणजे षड्ज आणि पंचम, दुसरं काही नाही. मग आठ हॉर्न एकामागून एक, एकाच सुरावटीनं वर चढायला लागतात. १३६ मात्राखंड, चार मिनिटांहून जास्त वेळ, आधारस्वर बदलत नाही. ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे त्याला इथे समजून सांगावं लागत नाही, तो आपोआप स्थिर होतो. पाश्चात्त्य संगीताशी काडीचा संबंध नसलेल्या, खयालात मुरलेल्या माणसांना मी हा तुकडा ऐकवला आहे, आणि त्यांनी डोळे मिटून घेतलेले पाहिले आहेत.

'ट्रिस्टान आणि इझोल्ड' याच्या अगदी उलट. तिथे षड्ज सापडतच नाही. सुरुवातीला चेलो एकटे चार-पाच स्वर घेतात, शेवटच्या स्वरावर लाकडी सुषिर वाद्यं येऊन मिळतात, आणि एक असा स्वरसमूह तयार होतो की तो ऐकल्यावर पुढे कुठे जायचं हे कानाला कळत नाही. तो सुटतो, पण दुसऱ्या अधांतरी स्वरसमूहावर. मग शांतता. मग तेच, जरा वरच्या पट्टीत. पुन्हा शांतता. कान विसाव्याची जागा मागत राहतो आणि वाग्नर ती देत नाही. दुसऱ्या अंकात दोघांचं द्वंद्वगीत चढत चढत त्या जागेच्या अगदी उंबरठ्यावर येतं, आणि ऐन क्षणी इझोल्डचा नवरा राजा मार्क येऊन पोहोचतो, सूर मध्येच तुटतो. शेवटी ट्रिस्टान मेल्यावर इझोल्ड तीच सुरावट पुन्हा उचलते आणि पूर्णत्वाला नेते. जवळजवळ चार तास अडवून धरलेला श्वास तिथे सुटतो. व्हिएन्नात या नाट्याच्या सत्तरहून अधिक तालमी झाल्या आणि तरी प्रयोग सोडून द्यावा लागला. अखेर १८६५ साली म्युनिकमध्ये ते रंगमंचावर आलं. त्यानंतरच्या युरोपातल्या संगीतकारांपैकी ज्याला याच्याशी झगडावं लागलं नाही असा मोठा संगीतकार शोधावा लागेल.

हे सगळं ऐकताना मला अतोनात आनंद होतो. तो आनंद खरा आहे, आणि पुढे जे काही सांगणार आहे त्यामुळे तो मी मागे घेणार नाही.

आता माणूस. १८५० साली लाइपझिगच्या एका संगीतविषयक नियतकालिकात 'संगीतातलं ज्यूपण' अशा अर्थाच्या मथळ्याचा निबंध प्रसिद्ध झाला. लेखकाचं नाव टोपण होतं, लिहिणारा वाग्नर होता. निबंधाचा गाभा असा: ज्यू माणूस ज्या देशात राहतो त्या देशाची भाषा परक्यासारखीच बोलतो, म्हणून तिच्यातून तो मनापासून काही व्यक्त करू शकत नाही, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला गाता कुठून येणार? त्याच्या हातून होते ती नक्कल. त्यांच्या बोलण्याच्या आवाजाचं वर्णन वाग्नर फुसकारा, किरकिर, गुणगुण अशा शब्दांत करतो. ज्यू घराण्यात जन्मलेला संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन तीन वर्षांपूर्वीच अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारला होता. त्याच्याकडे गुण होते, शिक्षण होतं, सचोटी होती, तरी काळजाला हात घालणारं संगीत त्याला एकदाही जमलं नाही, असा निवाडा वाग्नर देतो. आणखी एका ज्यू संगीतकाराचं नाव न घेता त्याची यथेच्छ टवाळी केली आहे. तो जाकोमो मायरबेअर, हे वाचणाऱ्या सर्वांना कळत होतं.

या मायरबेअरची हकिकत ऐकण्यासारखी आहे. १८३९ ते १८४२ वाग्नर पॅरिसमध्ये कर्जात बुडालेला होता. तेव्हा त्यानं मायरबेअरला जी पत्रं लिहिली, त्यांत तनामनानं तुमचा गुलाम व्हायला तयार आहे अशा थराची भाषा आहे. मायरबेअरनं शब्द टाकला, आणि १८४२ साली ड्रेस्डेनला 'रिएन्झी' रंगमंचावर आलं. वाग्नरचं पहिलं मोठं यश ते. आठ वर्षांनी त्या उपकाराची फेड झाली ती अशी.

तरुणपणी रागाच्या भरात माणूस काहीतरी लिहितो, असं कोणी म्हणेल. पण १८६९ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, वाग्नरनं तोच निबंध भर घालून, पुस्तिका म्हणून, स्वतःच्या नावानं पुन्हा छापला. तेव्हा तो कंगाल नव्हता, बव्हेरियाचा राजा लुडविग त्याच्या पाठीशी होता. कोणी त्याला लिहायला भाग पाडलं नव्हतं.

वाग्नर आवडणारे लोक या ठिकाणी काय करतात, हे मी पुष्कळ जवळून पाहिलं आहे. ते त्याचं वकीलपत्र घेतात. आनंद डागाळू नये म्हणून माणसाला धुऊन काढायला बसतात. त्यांचे युक्तिवाद ठरलेले असतात.

पहिला, काळच तसा होता. काळ तसा होता हे अर्धं खरं आहे. पण त्याच काळात, त्याच १८५० साली, लाइपझिगच्या संगीत विद्यालयातले प्राध्यापक या निबंधावर इतके चिडले की, तो छापणारा संपादक त्यांचाच सहकारी असूनही, त्याला नोकरीवरून दूर करा अशी मागणी त्यांनी केली. १८६९ नंतर नाट्यगृहांतही निषेध झाले. म्हणजे हे गैर आहे हे त्या काळच्या माणसांनाही कळत होतं, आणि ते बोलूनही दाखवत होते.

दुसरा युक्तिवाद, त्याचे ज्यू मित्र होते. इथे हेर्मान लेव्हीबद्दल सविस्तर सांगायलाच हवं. लेव्ही गीसन गावच्या रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा, मुलगा, म्युनिकच्या राजदरबारी वाद्यवृंदाचा संचालक. वाग्नरचं शेवटचं नाट्य 'पार्सिफाल' हे ख्रिस्ती पावित्र्यानं भारलेलं, आणि ते बसवायला मिळणार होता लेव्हीचा वाद्यवृंद. वाग्नरनं आधी बाप्तिस्मा घे म्हणून त्याच्यामागे लकडा लावला. लेव्हीनं घेतला नाही. राजा लुडविगनं स्पष्ट केलं की वाद्यवृंद हवा तर संचालकासकट. राजानं पत्रात असंही लिहिलं की धर्म कोणताही असो, माणसं शेवटी एकमेकांची भावंडंच आहेत. त्याला वाग्नरचं जे उत्तर गेलं त्यात ज्यू वंश हा शुद्ध मानवतेचा जन्मजात शत्रू आहे असं लिहिलेलं आहे. हे १८८१ साल, मरणाच्या दोन वर्षं आधीचं. त्याच वर्षी उन्हाळ्यात वाग्नरकडे एक निनावी पत्र आलं: ज्यू माणसाच्या हातून ही कलाकृती विटाळू देऊ नका, आणि शिवाय लेव्हीच्या चारित्र्यावर शिंतोडे. वाग्नरनं ते पत्र खुद्द लेव्हीच्या हातात वाचायला दिलं. लेव्ही बायरॉइट सोडून निघून गेला, मला मोकळं करा म्हणून कळवलं. वाग्नरनं पत्र पाठवून परत बोलावलं. लेव्ही परत आला.

२६ जुलै १८८२ला 'पार्सिफाल'चा पहिला प्रयोग लेव्हीनं केला. त्याच वर्षी त्यानं आपल्या वडिलांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. वाग्नर हा थोर मनाचा, सज्जन माणूस आहे, पुढच्या पिढ्यांना ते पटेल, असं तो रब्बी असलेल्या बापाला कळवतो. दुसऱ्या वर्षी वाग्नरच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत लेव्ही होता.

हे पत्र वाचून मला दर वेळी गलबलून येतं. लेव्हीला त्या संगीताची ओढ इतकी होती की त्यासाठी त्यानं काय काय गिळलं, हे आपल्याला कळतं. पण लेव्हीनं सोसलं म्हणून वाग्नर निर्दोष ठरतो, हे मला अजिबात मान्य नाही. ज्यानं अपमान सोसला त्याची सहनशीलता अपमान करणाऱ्याच्या खात्यात जमा करायची नसते.

तिसरा युक्तिवाद सगळ्यांत आवडता: सूर निष्पाप असतात. रागात कुठे द्वेष असतो? शुद्ध वाद्यसंगीताबद्दल मी हे बरंचसं मानतो. पण वाग्नरची नाट्यं म्हणजे शब्द, पात्रं, अभिनय, सगळं त्यानं स्वतः लिहिलेलं. 'झीगफ्रीड'मध्ये मीमे नावाचा खुजा लोहार आहे. त्याचं गाणं किरकिरं, तुटक, उड्या मारणारं. ज्या मुलाला त्यानं वाढवलं तो झीगफ्रीड त्याच्या चालण्याची, मिचमिच्या डोळ्यांची शिसारी येते म्हणून तोंडावर सांगतो. मीमे ज्यू आहे असा उल्लेख संहितेत कुठे नाही. पण निबंधातलं बोलण्याचं वर्णन आणि मीमेची गायकी शेजारी ठेवून पाहिली की शंका येतेच. गुस्ताफ मालर स्वतः ज्यू घरातला, वाग्नरचा निस्सीम भक्त आणि त्याच्या नाट्यांचा थोर संचालक. त्याला मीमेत ज्यूचं व्यंगचित्र दिसत होतं. विद्वानांचा यावर वाद अजून चालू आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की द्वेष एका कप्प्यात आणि संगीत दुसऱ्या कप्प्यात, अशी नीट वाटणी इथे होत नाही.

हिटलरबद्दल थोडक्यात बोलतो, कारण चर्चा तिकडे घसरली की वाग्नरचीच सोय होते. हिटलर जन्मला १८८९ साली, वाग्नर वारल्यावर सहा वर्षांनी. हिटलरच्या कृत्यांचा जाब वाग्नरला विचारता येत नाही. वाग्नरच्या सुनेनं, विनिफ्रेडनं, बायरॉइटचे दरवाजे हिटलरला सताड उघडून दिले, त्याचा जाब तिला विचारायचा. वाग्नरवर आरोप ठेवायला त्याचा निबंध पुरेसा आहे.

आणि तो निबंध आपल्या मराठी मुलखात तर पहिल्याच वाक्यावर कोसळतो. रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग, पेण, रेवदंडा, नवगाव या भागात शतकानुशतकं राहिलेले बेने इस्रायली ज्यू आपल्याला ठाऊक आहेत. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आडनावं दिवेकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर. मातृभाषा मराठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, वाग्नर बायरॉइटला ज्यू माणसाला कुठलीच भाषा आपली नसते असं म्हणत होता साधारण त्याच वर्षांत, हे लोक मुंबईत मराठी कीर्तनं रचून करत होते. अब्राहामाचं आख्यान, योसेफाचं आख्यान, साकी-दिंडीच्या चालींवर. बायबलातला योसेफ भावांनी विकला म्हणून श्रोते रडायचे ते मराठीतून. पुढे यांतले पुष्कळ जण इस्रायलला गेले आणि तिथूनही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले. भाषा अंगी लागते ती आईच्या मांडीवर आणि शेजाऱ्यांच्या ओसरीवर. रक्त बघून ती कोणाला वगळत नाही. वाग्नरला कोकण माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर मेंडेल्सोन होता, ज्यू घरात जन्मलेल्या हाइनेची जर्मन कविता होती. त्यानं ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, आणि हा गुन्हा एखाद्या संगीतकाराच्या बाबतीत मला फार मोठा वाटतो.

मग हे संगीत वाजवावं की नाही? याचं उत्तर कुठे आणि कोणासमोर यावर आहे, असं माझं मत आहे. तेल अवीवचा वाद्यवृंद १९३६ साली स्थापन झाला तो युरोपातून हाकललेल्या ज्यू वादकांना घेऊन. सुरुवातीला ते वाग्नर वाजवत होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली गेली, दुकानं फोडली गेली, तेव्हा त्यांनी ठरलेल्या कार्यक्रमातून वाग्नरच्या 'माइस्टरझिंगर'चा पूर्वरंग काढून टाकला. कायदा कोणी केला नाही, पण रिवाज पडला.

तो मोडायचा प्रयत्न केला आपल्या मुंबईच्या माणसानं. वाद्यवृंदाचे संचालक झुबिन मेहता, जन्म १९३६, मुंबई. वडील मेहली मेहतांनी मुंबईत वाद्यवृंद उभा केला होता. १९८१ साली तेल अवीवमध्ये कार्यक्रम संपल्यावर मेहतांनी श्रोत्यांना सांगितलं की आता ट्रिस्टानचा शेवट वाजवणार आहोत, ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी जावं. वादन सुरू झालं. त्या सभागृहात श्रोत्यांना जागा दाखवण्याचं काम करणारा एक माणूस नाझींच्या ज्यू-संहारातून वाचून आलेला होता. तो मंचाकडे गेला आणि सदरा उघडून अंगावरचे व्रण दाखवत उभा राहिला. २००१ साली जेरुसलेममध्ये संचालक डॅनिएल बारेनबॉइमनं बर्लिनचा वाद्यवृंद घेऊन हेच केलं, आधी अर्धा तास श्रोत्यांशी चर्चा करून. काही जण दारं आपटून निघून गेले, बरेच जण थांबले आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मेहतांबद्दल आणि बारेनबॉइमबद्दल मला नितांत आदर आहे. त्या संगीताच्या मोलाविषयी त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. तरीही त्या १९८१च्या संध्याकाळी, त्या सभागृहात, शेवटचा शब्द त्या माणसाचा होता असं मी मानतो. माफ करण्याचा अधिकार ज्याला जखम झाली त्याचा. घरी तबकडी लावून वाग्नर ऐकणारे इस्रायलमध्ये पूर्वीही होते, आजही आहेत, त्यांना कोणी अडवत नाही. प्रश्न सार्वजनिक सभागृहाचा आहे, जिथे तो माणूस नोकरी करतो, जिथून त्याला उठून जाता येत नाही.

आपल्यापुरतं बोलायचं तर इथे आपल्याला लांबून ऐकायची मुभा आहे. वाग्नरनं आपला अपमान केलेला नाही, म्हणून 'कलाकार वेगळा, कला वेगळी' हे वाक्य आपल्या तोंडातून सहज निघतं. आपल्या मैफिलींत काय होतं ते जरा आठवा. थोर गवयाच्या तोंडून जातीबद्दल, बायकांबद्दल, दुसऱ्या धर्माच्या माणसाबद्दल काहीतरी येतं, आणि आपण 'खाँसाहेब असेच', 'बुवा असेच' म्हणून हसण्यावारी नेतो. ज्याच्याबद्दल ते बोललं गेलं तो शिष्य तिथेच मागे तंबोरा धरून बसलेला असतो. त्याला हसावंच लागतं. तंबोरा सोडून तो जाणार कुठे? लेव्हीसारखाच तोही त्या सुरांसाठी आलेला असतो. हयात कलाकाराच्या बाबतीत तर आणखी एक हिशोब असतो: आपण काढलेलं तिकीट त्याचा पुढचा माइक विकत घेतं. तिथे मी तरी तिकीट काढताना दहादा विचार करीन.

वाग्नर वारून आता १४० वर्षांहून अधिक काळ लोटला. तिथे तिकिटाचा प्रश्न राहिला नाही, ऐकण्याच्या रीतीचा राहिला आहे. बायरॉइटला २०१२ पासून नाट्यगृहाच्या आवारात उभे फलक लावलेले आहेत. तिथल्या महोत्सवातून ज्यू म्हणून हुसकावलेल्या कलावंतांची नावं, चेहरे, हकिकती त्यावर आहेत. ओटिली मेट्सगर यांनी याच रंगमंचावर एर्डाची, म्हणजे 'ऱ्हाइनगोल्ड'मध्ये देवांच्या राजाला सावध करणाऱ्या भूमातेची भूमिका गायली. १९४३ साली त्यांना आउश्विट्झच्या नाझी छळछावणीत मारलं. हेन्रिएटा गॉटलीब यांनी विसाच्या दशकात इथे वाग्नर गायला. १९४२च्या जानेवारीत पोलंडमधल्या वूच शहरातल्या ज्यूंच्या कोंडवाड्यात त्यांचा मृत्यू झाला. मध्यंतरात श्रोते बाहेर येतात, फलक वाचतात, पुन्हा आत जाऊन बसतात. संगीत बंद केलेलं नाही आणि कोणाला माफही केलेलं नाही. मला पटणारी रीत ती हीच. आनंदाला निर्दोषत्वाचा दाखला लागत नाही. मला ट्रिस्टान आवडतो म्हणून वाग्नरचा बचाव करायची जबाबदारी माझ्यावर येत नाही. आणि निबंधाची चीड येते म्हणून ट्रिस्टान बेसूर वाटायला लागल्याचं सोंगही मी आणणार नाही.

म्हणून इथे, आपल्या मंडळात, वाग्नर लावायचा तर माहितीपत्रकात तो निबंध लपवायचा नाही, अशी माझी सूचना होती आणि मंडळानं ती मानली, याबद्दल मी कार्यकारिणीचा आभारी आहे. तुमच्या हातातल्या पत्रकाच्या दुसऱ्या पानावर त्या निबंधाचा सारांश आहे.

मध्यंतरानंतर दोन रचना ऐकायच्या आहेत. पहिली मेंडेल्सोनची, 'हेब्रिडीज' हा पूर्वरंग, सुमारे दहा मिनिटांचा. याला काळजाला हात घालता आला नाही, असं वाग्नर म्हणाला. १९३६ साली नाझींनी लाइपझिगच्या सभागृहासमोरचा याचा पुतळा रातोरात हलवला, आणि २००८ साली त्याची प्रतिकृती शहरात पुन्हा उभी राहिली. सुरुवातीला चेलो आणि व्हायोला लाटेसारखी जी सुरावट घेतात तिच्याकडे लक्ष असू द्या. शेवटाकडे दोन क्लॅरिनेट एकमेकांना धरून जे गातात ते चुकवू नका. दुसरी रचना ट्रिस्टानचा पूर्वरंग आणि शेवट, सतरा-अठरा मिनिटं. दोन्हींच्या मध्ये आपण पाच मिनिटं थांबणार आहोत. ज्यांना दुसरी रचना ऐकायची नसेल त्यांनी तेवढ्यात बाहेर यावं. चहा व्हरांड्यात ठेवला आहे, आणि कोणी त्यांना कारण विचारणार नाही.